नवी भाषा आणि जुने जाणकार

खारदांड्याच्या कोळ्यापुढें कोणी नवें जाळें ठेवलें, तर तो त्याची स्तुति ऐकत बसत नाहीं. तो तें पाण्यांत टाकतो आणि हातीं काय लागलें यावरून निर्णय करितो. आपल्या विद्येंत निपुण असलेल्या मनुष्यापुढें नवी विद्या मांडणें म्हणूनच कठीण. त्याचा संशय अज्ञानाचा नसतो, अनुभवाचा असतो. संगणकाच्या इतिहासांत असाच एक संशय मोठा फलदायी ठरला.

१९५३ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथें आय.बी.एम. कंपनींतील जॉन बॅकस यानें एक योजना मांडली. त्या काळीं संगणकाला आज्ञा द्यावयाच्या त्या त्याच्याच सांकेतिक भाषेंत. हें काम करणारा प्रोग्रॅमर यंत्राची एकेक खोड जाणून असे. बॅकसचें म्हणणें असें कीं, गणिती सूत्र मनुष्यानें जवळजवळ नेहमींच्या रीतीनें लिहावें आणि त्याचें भाषांतर यंत्रानेंच करावें. सूत्रांच्या भाषांतरावरूनच या भाषेला फॉर्ट्रान हें नांव पडलें.

जाणकारांनीं माना हालविल्या, आणि त्यांस कारणही होतें. काम सुलभ करणाऱ्या तत्पूर्वींच्या युक्त्यांनीं यंत्राची गति पांच ते दहा पटींनीं मंदावत असे, आणि यंत्राचा वेळ तर अत्यंत महाग! १९५४ च्या नोव्हेंबरांत योजनेचा प्राथमिक अहवाल निघाला. बॅकस व त्याचे सहकारी तो घेऊन यंत्राच्या भावी ग्राहकांकडे गेले. पण विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. तेव्हां त्यांनीं एकच पण केला: यंत्रानें केलेलें भाषांतर कुशल हातच्या लेखनाइतकेंच वेगवान झालें पाहिजे. सहा महिन्यांचें वाटलेलें काम त्यापायीं १९५७ पर्यंत लांबलें.

त्या वर्षीं एप्रिलांत अमेरिकेंतील वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेटिस येथील प्रयोगशाळेंत छिद्रित पत्त्यांचा एक गठ्ठा आला. सोबत सूचनापत्र नव्हतें. तेथील मंडळींनीं तर्कानें ओळखून तो यंत्राला दिला व आपली आज्ञावली चालविली. उत्तर आलें तें असें कीं, एका ओळींत उजव्या कंसानंतर स्वल्पविराम राहिला आहे. चूक खरीच होती! ती सुधारतांच काम पार पडलें. कोणत्याही व्याख्यानाहून हा पुरावा बलवत्तर होता.

मुंबईंतही हें स्थित्यंतर घडलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कार्यान्वित झाला. त्याची स्मृति २०४८ शब्दांची. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या यंत्रभाषेंत, कागदी फितीवर छिद्रें पाडून. १९६४ सालीं संस्थेंत सी.डी.सी. ३६०० हें यंत्र आलें, आणि त्याबरोबर फॉर्ट्रान आली. आतां पदार्थविज्ञानाच्या संशोधकाला आपलें सूत्र स्वतःच मांडतां येऊं लागलें.

या लाभाची किंमतही पडली. यंत्राच्या अंतरंगाशीं असलेला हातचा परिचय पुढच्या पिढीला तितका राहिला नाहीं. तथापि जुन्या जाणकारांना हटवादी म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं पहिल्याच दिवशीं मान डोलावली असती, तर बॅकसला इतकें कसोशीनें झटण्याचें कारण उरलें नसतें. हवामानाच्या गणितांत ही भाषा आजही राबत आहे. त्या दीर्घायुष्याचें कांहीं श्रेय तिच्यावर प्रथम संशय घेणाऱ्यांनाही दिलें पाहिजे.