चौथी

परवा ताईकडे गेले होते. भाची मोबाईलवर रिबन फिरवणाऱ्या एका मुलीचा व्हिडिओ बघत होती. मी ओळखलं लगेच. सोन यॉन-जे, दक्षिण कोरियाची. रिओला बघितली होती, रात्री जागून.

"मावशी, हिला कुठलं मेडल मिळालं?"
"चौथी आली."
"म्हणजे काहीच नाही!" पुढचा व्हिडिओ सुरू.

माझं डोकं मात्र तिथेच अडकलं, म्हणून ही पोस्ट.

रिदमिक जिम्नॅस्टिक्स म्हणजे १३ मीटर बाय १३ मीटरची चटई, हातात रिंग, चेंडू, क्लब किंवा ६ मीटरची रिबन आणि जेमतेम दीड मिनिट. (हे क्लब म्हणजे आपल्या तालमीतल्या मुदगलाची नातवंडंच. इंग्रज इथून घेऊन गेले, पुढे ती युरोपभर फिरली.) १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्यात राज्य रशिया आणि आजूबाजूच्या देशांचं. कोरियाचं त्यात नावसुद्धा नव्हतं. २००८ ला बीजिंगमध्ये शिन सू-जी बारावी आली आणि फायनल पहिल्या दहांची! २०१३ मध्ये बेसबॉलच्या सामन्याआधी गिरकी घेत चेंडू टाकणारी म्हणून जगभर गाजली ती हीच. असो.

सोनचा जन्म १९९४ चा, सोलचा. सोळाव्या वर्षी, २०१० च्या ग्वांगजो एशियाडमध्ये ब्राँझ. मग घर सोडून मॉस्कोजवळच्या नोवोगोर्स्कला, रशियन मुलींबरोबर सराव. म्हणजे ज्यांना हरवायचं त्यांच्याच घरी जाऊन शिकायचं. मला हे फार अवघड वाटतं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि आपण त्यांच्यात कायम पाहुण्या.

२०१२, लंडन. फायनल गाठणारी पहिली कोरियन. रिंग २८.०५०, चेंडू २८.३२५, रिबन २८.३५०. आणि क्लब? तिथे एक क्लब हातातून सुटला. २६.७५०. एकूण १११.४७५, पाचवी. ब्राँझ १११.७०० ला गेलं. करा वजाबाकी! तो एक क्लब...

२०१४ मध्ये इझ्मीरच्या जागतिक स्पर्धेत रिंगमध्ये ब्राँझ आणि लगेच २ ऑक्टोबरला इंचॉनच्या एशियाडमध्ये, घरच्या लोकांसमोर, सुवर्ण. या खेळातलं कोरियाचं पहिलं.

मग रिओ. या वेळी हातातून काही सुटलं नाही. १८.२१६, १८.२६६, १८.३००, १८.११६. चारही वेळा अठराच्या वर. उलट तीन वेळची जगज्जेती कुद्र्याव्त्सेवा, तिच्या हातातून क्लब पडला, तरी तिला रौप्य. सोनचे ७२.८९८, ब्राँझवाल्या युक्रेनच्या रिझातदिनोवाचे ७३.५८३. लंडनला चूक होऊन पाचवी, इथे चूक न होता चौथी. आता दोष द्यायचा तरी कशाला? त्याच्या सहाच दिवस आधी, त्याच शहरात, आपली दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये ०.१५० ने चौथी आली होती. आमच्याकडे तेव्हा चहा गार होईपर्यंत कोणी बोललं नव्हतं.

पण दीपाला आपण डोक्यावर घेतलं. सोनच्या वाट्याला वेगळंच आलं. आधी ती 'परी', जाहिरातींत सगळीकडे, आणि म्हणूनच नेटवर टोमणे, की चेहऱ्यावर चालतंय. २०१४ साली एका सरकारी व्यायामप्रकाराच्या कार्यक्रमात ती राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्याबरोबर दिसली होती. २०१६ च्या शेवटी पार्क यांचं प्रकरण फुटलं आणि लोक या बावीस वर्षांच्या मुलीवर तुटून पडले. बोलावल्यावर गेली, एवढाच तिचा गुन्हा, निदान मला तरी तसंच वाटतं. २०१७ च्या फेब्रुवारीत तिने निवृत्ती जाहीर केली.

पुढे तिने सोलमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला, लहान मुलींना शिकवायला.

हे सगळं मी भाचीला जेवताना सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिबनला गाठ नाही पडत?"

पडते की. मग आम्ही ताईच्या जुन्या ओढणीची एक पट्टी कापली. ताईला अजून माहीत नाही. ताई, वाचत असशील तर, मीच कापली :-)