‘दोन राष्ट्रां’ची कुळकथा आणि कडेगावचे ताबूत

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमचे ताबूत बांधतात ते आधी कळस, मग पाया. बांबूचा अष्टकोनी वरचा मजला सूत आणि चिकणमातीने बांधून झाला की सगळे मिळून तो उचलून धरतात आणि त्याच्याखाली पुढचा मजला जोडतात. असे करत शंभर फुटांच्या घरातले ताबूत उभे राहतात. त्यांचा मान सातभाई, बागवान, आत्तार, देशपांडे अशा हिंदू-मुसलमान घराण्यांकडे आहे. मोहरमच्या दहाव्या दिवशी ते खांद्यावरून निघतात, त्यांच्या भेटी होतात, मेलवाले म्हणजे गाणाऱ्यांचे गट एकीची गाणी गातात.

एकेकाळी यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पुण्यातही हिंदूंचे ताबूत बसत. मग ही रीत मोडली कशाने?

हिंदू आणि मुसलमान ही मुळातच दोन राष्ट्रे, हा विचार सनातन मानला जातो. त्याच्या जन्मखुणा मात्र अलीकडच्या आहेत. भारतात कधीही न आलेल्या जेम्स मिलने 1817 साली आपल्या इतिहासग्रंथात या देशाचा भूतकाळ हिंदू, मुसलमान आणि इंग्रज अशा वाट्यांत मांडला. पुढे शिरगणतीने माणसामाणसाला धर्माच्या रकान्यात बसवले. शाळेत इतिहास शिकलेली पिढी त्याच चौकटीत विचार करू लागली.

1893च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. पुढच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये, असा प्रचार उत्सवात गाणी म्हणणाऱ्या मेळ्यांतून झाला. टिळकांनी गणेशोत्सवातून लोक जागे केले, हे खरेच. पण शेजाऱ्याच्या सणातून पाय काढून घेण्याची किंमतही तेव्हाच मोजली गेली, हे आपण मोकळेपणाने सांगत नाही. 1909मध्ये मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे झाले. 1937 साली अहमदाबादला सावरकरांनी हिंदू महासभेच्या व्यासपीठावरून दोन राष्ट्रांची भाषा केली, 1940 साली लाहोरला मुस्लिम लीगने त्याच पायावर ठराव केला. एकमेकांचे कट्टर विरोधक, पण गृहीत एकच. फाळणीत लाखो माणसे मेली.

ते गृहीत आपल्या सांगली जिल्ह्यातही राहते. 2009च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाच्या कमानीवरून मिरजेत दंगल उसळली. शिवाजी महाराजांच्या चाकरीत मुसलमान सरदार होते आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता, हे त्या दिवसांत कोण ऐकणार?

कडेगाव त्याच जिल्ह्यात आहे. मोहरमला एकदा तिथे जाच. आणि आपल्या गावातला हिंदूंचा ताबूत कधी बंद पडला, कोणाच्या सांगण्यावरून, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आहेत तोवर विचारून लिहून ठेवा.