वगळलेल्या गाण्याचा पाठ

रॉक संगीतात ‘आउटटेक’ म्हणजे स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊनही अल्बममधून वगळलेले गाणे. आम्ही साहित्याचे लोक त्याला खर्डा म्हणू. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या काळात, १९६७ च्या सुमारास, प्रतिष्ठा होती ती थरांवर थर चढवून पूर्णत्वाला नेलेल्या ध्वनीला. खर्डे हवे असणारे मोजके हौशी चोरट्या तबकड्यांच्या शोधात असत. बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही तशी तबकडी १९६९ साली निघाली.

याच डिलनने एप्रिल-मे १९८३ मध्ये न्यूयॉर्कला, ‘इन्फिडेल्स’ या अल्बमच्या वेळी, ‘ब्लाइंड विली मॅकटेल’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. जॉर्जियातील एका अंध ब्लूज गायकाचे नाव घेत ते गुलामगिरीच्या इतिहासाकडे पाहते. चाल ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ या जुन्या गाण्याच्या वळणाची. एक पाठ पूर्ण वाद्यमेळासह झाला. दुसऱ्यात पियानोवर स्वतः डिलन आणि गिटारवर मार्क नॉफ्लर, एवढेच. अल्बममध्ये दोहोंपैकी एकही आला नाही.

पियानोचा पाठ १९९१ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाला आणि समीक्षक त्याची गणना डिलनच्या श्रेष्ठ रचनांत करू लागले. तोवर कानही बदलले होते. ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमांचा तो काळ; उघडा, अपुरा आवाज हीच सच्चेपणाची खूण ठरत होती. (यात व्यापार नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पन्नास वर्षांत प्रकाशित न झालेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क गमावण्याची वेळ युरोपीय कायद्याने आणली, तेव्हा २०१२ च्या अखेरीस डिलनची जुनी ध्वनिमुद्रणे अगदी थोड्या प्रतींत घाईने काढली गेली.)

एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चे खर्डे, पाउंडच्या काटछाटीसह, १९७१ साली छापले गेले, पण १९२२ ची छापील कविता जागची हलली नाही. येथे मात्र खर्डाच संहिता झाला. वाद्यमेळाचा पाठ २०२१ साली बाहेर आला, तेव्हा आम्हांला तोच पाठभेद वाटला. गाणे पुरे झालेच नव्हते, असे डिलन पुढे सांगत राहिला. कवीचा हा निकाल श्रोत्यांनी फिरवला, आणि तो त्यांना फिरवता येतो की नाही याविषयी आमचे आपसांत अजून एकमत नाही.

१९९३ साली ‘द बँड’ या वाद्यवृंदाने ते गाणे आपल्या पद्धतीने गायले. ते ऐकून डिलनने १९९७ पासून ते रंगमंचावर घेतले, त्यांच्याच मांडणीच्या वळणाने.