दिल्ली दरवाजा (शनिवारवाडा)

पुण्यातील शनिवारवाड्याचे उत्तराभिमुख महाद्वार. दिल्लीच्या दिशेला तोंड, म्हणून हे नाव. मराठी वाड्याचा दरवाजा समजून घ्यायला याहून चांगला नमुना क्वचितच सापडेल.  पेशवे पहिले बाजीराव यांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार.

वाड्याच्या तटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ (नारायण). त्यांत थाट दिल्ली दरवाज्याचा. त्याच्या भक्कम झडपांवर सुमारे फूटभर लांबीचे अणकुचीदार खिळे आहेत. एकेका झडपेवर आठ-नऊच्या ओळींत ७२. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ठोकलेले आहेत. धडक देणाऱ्या हत्तीला माघार घ्यायला लावणे हा त्यांचा उद्देश. तरीही त्यांची मांडणी इतकी रेखीव की आधी नक्षीच नजरेत भरते. संरक्षण आणि शोभा ही दोन कामे इथे एकाच लोहाराच्या हातून झाली आहेत, आणि तेच या दरवाज्याचे खरे सौंदर्य आहे.

उजव्या झडपेत दिंडी, म्हणजे छोटा दरवाजा, आहे. रोजची ये-जा तिच्यातूनच होई; माणूस वाकून एकेकटाच आत शिरे, जमावाला घुसता येत नसे. मोठा दरवाजा फोडला तरी समोर वाट सरळ नाही. आधी उजवीकडे, मग डावीकडे वळावे लागते, आणि तिथे देवडीवरच्या पहारेकऱ्यांशी गाठ पडे.

कमानीच्या माथ्यावर नगारखाना. खाली दगड आणि लोखंडाचा कडकपणा, तर वर सागवानी खांब, कमानी आणि लाकडी कठड्याचा मोकळा सज्जा. चौघडा वाजे तो इथूनच. पाहणाऱ्याने झडपांपाशीच थांबू नये, मान वर करून हा कठडाही पाहावा. सुतारकाम तिथे आहे.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले दिवाणखाने आणि महाल जळाले. शिल्लक राहिली ती जोती, तट आणि हे दरवाजे. दिल्ली दरवाज्याच्या आतल्या भिंतींवर गणपती आणि शेषशायी विष्णूची पेशवेकालीन चित्रे अंधुक झालेल्या रंगांत अजून ओळखू येतात.