जोगेश्वरीचा नळ आणि नागरिकत्वाचं शास्त्र

नागरिकत्वाच्या आधुनिक अभ्यासाचं मूळ शोधताना बहुतेक अभ्यासक केंब्रिजला पोचतात. समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी १९४९ साली तिथं व्याख्यानं देऊन हक्कांचा क्रम मांडला: आधी नागरी हक्क, मग राजकीय, मग सामाजिक. हा क्रम इंग्लंडच्या इतिहासावरून काढलेला. पुढे कायदा, समाजशास्त्र, भूगोल, मानववंशशास्त्र असे सगळेच या विषयात उतरले आणि १९९७ मध्ये त्याला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिक निघालं.

या शास्त्राची एक शाखा मात्र आपल्या जोगेश्वरी पूर्वेत रुजली. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद मेघवाडी आणि प्रेमनगरमध्ये पाण्यामागे फिरले. चावीवाला व्हॉल्व्ह कधी फिरवतो, प्रेशर कुठं पडतं, अर्ज कुणाच्या शिफारशीनं पुढं सरकतो, हे त्यांनी टिपलं. २०१७ च्या ‘हायड्रॉलिक सिटी’ या पुस्तकात त्यांनी याला जल-नागरिकत्व म्हटलं: शहर तुम्हाला आपलं मानतं की नाही, ते नळावर कळतं. नळ मिळाला म्हणून काम संपत नाही. पाण्याची वेळ टिकवायला पुन्हा पुन्हा नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात जावं लागतं. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या प्रेमनगरच्या वाट्याला यात अधिक उपेक्षा आली. मार्शल यांच्या क्रमात अशा मागं ढकललं जाण्याला जागाच नाही.

जोगेश्वरीतल्या बायाबापड्यांना हे पुस्तकाआधीच ठाऊक होतं. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर झोपडीधारकांच्या ओळखीचे फोटोपास आले. तेव्हापासून जुन्या पावत्या, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणं हे घरोघरचं काम झालं. झोपडी पात्र ठरण्याच्या मुदतीची तारीख पुढं सरकत १९९५, मग २००० वर आली. त्यानंतर आलेल्यांना नळ मिळत नव्हता.

त्याविरुद्ध पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयानं सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी ते नाकारता येत नाही. मात्र अधिकृत घरात राहणाऱ्यांच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही, असंही त्याच निकालात आहे. मला हे दुसरं वाक्य बोचतं. तहान अधिकृत-अनधिकृत नसते.

अंधेरी-जोगेश्वरीच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी मार्शल जरूर शिकवावा. पण त्याच आठवड्यात हा निकाल मुलांना मराठीतून वाचायला द्यावा.