बैठ्या खेळांची काठिण्यपातळी : पेटीवरचा आकडा काय सांगतो?

पटावरील बैठ्या खेळांच्या पेटीवर वय, खेळाडूंची संख्या आणि खेळास लागणारा वेळ छापलेला असतो. यांतील वयाच्या आकड्यालाच नवखा ग्राहक काठिण्यपातळी समजतो. ‘८+’ म्हणजे सोपा आणि ‘१४+’ म्हणजे अवघड, हा समज अनेकदा फसवा ठरतो.

वयाचा आकडा : हा आकडा पुष्कळदा सुरक्षिततेशी निगडित असतो. तीन वर्षांखालील मुलांसाठीचा इशारा हा लहान सोंगट्या गिळल्या जाण्याच्या धोक्यामुळे असतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या गुणवत्ता आदेशानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक चिन्ह बंधनकारक आहे. युरोपातील कायदाही हीच वयोमर्यादा मानतो. त्यामुळे ‘१४+’ ही खूण बुद्धीच्या कसोटीपेक्षा कायद्याच्या चौकटीची निदर्शक असू शकते.

मतांची सरासरी : ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर खेळांना १ ते ५ असे ‘वजन’ दिले जाते. ते खेळाडूंच्या मतांवरून ठरते. मत देणारे बहुधा सरावलेले असतात. शिवाय कोणी नियमांची संख्या पाहतो, तर कोणी डावपेचांची खोली. बुद्धिबळाच्या चाली एका संध्याकाळी शिकता येतात, पण त्यात पारंगत होण्यास आयुष्य अपुरे पडते. या दोन गोष्टी एका आकड्यात मावत नाहीत.

हुबळी-धारवाडकडील खेळ : या परिसरात परिचित असलेल्या पारंपरिक खेळांना पेटी नाही, लेबलही नाही. चौकाबारा म्हणजे मराठी घरांतील चल्लस-आठ. चार कवड्यांच्या या खेळात ‘बारा’ म्हणजे आठाचे दान. मराठी नवखा नावापाशीच अडखळतो. दान मात्र नशिबाचे असल्याने पहिल्याच दिवशी तो जिंकूही शकतो.

‘आडु-हुली’, अर्थात शेळी-वाघ, याच्या उलट आहे. प्रचलित प्रकारात तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असतात. वाघाने शेळीवरून उडी मारून तिला टिपायचे, शेळ्यांनी वाघांची कोंडी करायची. वाघ खेळणाऱ्यास एक संधी हेरली तरी पुरते. शेळ्या खेळणाऱ्यास पंधराही सोंगट्यांचा मेळ राखावा लागतो. पट एकच, नियम तेच, पण दोन बाजूंची काठिण्यपातळी वेगळी. अशा खेळावर कोणता एक आकडा छापणार?

निवड करताना : तीन प्रश्न उपयुक्त ठरतात. पहिली चाल करण्यापूर्वी किती नियम समजले पाहिजेत? एक चूक झाल्यास डाव सावरता येतो का? नियमपुस्तिका घरच्या भाषेत आहे का, किंवा शिकवणारे कोणी आहे का? कन्नड-मराठी घरात केवळ इंग्रजी पुस्तिका असलेला ‘सोपा’ खेळही पहिल्याच बैठकीत बंद पडू शकतो. अशा वेळी दोष खेळाडूच्या बुद्धीला दिला जातो आणि पेटी कायमची माळ्यावर जाते. खेळ विकत घेण्यापूर्वी एखादा डाव पाहावा. आकड्यापेक्षा तो अधिक सांगतो.