तबकडीवर उतरलेलें चित्र कां बिघडे?

संगणकावर चलच्चित्राची फाइल निर्वेध चालावी, ती तबकडीवर उतरवून घ्यावी, आणि आप्तेष्टांच्या बैठकींत तबकडी लावतांच वधूवरांच्या मुखांवर रंगीबेरंगी चौकोन नाचूं लागावेत, हा अनुभव सन २००० च्या आगेंमागें अनेक घरांस आला. दोष बहुधा तबकडीच्या माथीं मारला जाई. परंतु त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें तबकडी जन्मास येण्यापूर्वींच्या एका गणिती प्रश्नापाशीं जाऊन पोंचतें.

रिचर्ड हॅमिंग हे अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गणितज्ञ होते. १९४७ च्या सुमारास त्यांचीं गणितें आठवड्याच्या शेवटीं, यंत्राजवळ कोणी नसतांना, चालविलीं जात. यंत्रास चूक ओळखतां येई, पण सुधारतां येत नसे. चूक आढळतांच तें हातचें गणित टाकून पुढील गणितास लागे. सोमवारीं येऊन पाहावें तों काम अर्धवट! चूक झाली हें ज्या यंत्रास कळतें, त्यास ती कोठें झाली हेंही कां कळूं नये, या त्राग्यांतून निघालेला त्यांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. मूळ मजकुराबरोबर कांहीं अधिक अंक असे पाठवावयाचे, कीं त्यांवरून बिघडलेला अंक हुडकून काढतां यावा, ही त्यांतील युक्ति. १९६० सालीं अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनीं अवघ्या पांच पानांच्या निबंधांत अंकांच्या पुंजांसाठीं नवा संकेत मांडला. १९८६ सालीं व्हॉयेजर २ या यानानें युरेनसजवळून धाडलेलीं छायाचित्रें याच संकेताच्या आधारानें पृथ्वीवर धड पोंचलीं.

तोंवर हा संकेत लोकांच्या दिवाणखान्यांतही आला होता. फिलिप्स व सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत विक्रीस निघाली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर पांच किलोमीटरांहून लांब अशी एकच नागमोडी रेघ असते. इतक्या सूक्ष्म लिखाणांत धुळीनें व ओरखड्यांनीं चुका पडावयाच्याच. म्हणून रीड-सॉलोमन संकेताचीं दोन कवचें तिला चढविलीं, आणि लगतचे अंक दूरदूर विखरून लिहिले. पोथींतील प्रत्येक ओळीचीं अक्षरें निरनिराळ्या पानांवर वांटून टाकलीं, तर उंदरानें एक पान कुरतडलें तरी प्रत्येक ओळीचें एकेकच अक्षर जाईल व जाणता वाचक तें भरून काढील. तसाच हा प्रकार. सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा खंड अशा रीतीनें पूर्ण भरून निघूं शकतो. त्याहून मोठा खंड पडल्यास संगीताच्या बाबतींत मागच्यापुढच्या स्वरांवरून अदमास बांधतां येतो. हिशेबाच्या आंकड्यांत तसा अदमास चालत नाहीं. म्हणून संगणकासाठीं जी सीडी निघाली, तिच्या २३५२ बाइटांच्या प्रत्येक खणांत २०४८ बाइट मजकुरास देऊन २७६ बाइट तिसऱ्या कवचासाठीं राखून ठेवले.

चलच्चित्राची कथा येथें वळण घेते. १९९३ सालीं व्हीसीडी आली. पाऊण सीडीवर चित्रपट बसवावयाचा नव्हता; जागा हवी होती ती सगळीच. म्हणून चित्राच्या खणांतून तेच २७६ बाइट काढून घेऊन ते मजकुरास दिले; खणांत २३२४ बाइट मावूं लागले. ७४ मिनिटांच्या तबकडीवर यायोगें सुमारें नऊ कोटी बाइटांची भर पडली. हा सौदा त्या काळीं मूर्खपणाचा नव्हता. कारखान्यांत छापलेल्या तबकडीवर चुका थोड्या असत, आणि क्षणभर चित्र विस्कटलें तर प्रेक्षक क्षमा करील, असा हिशेब होता. पण चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतींत कांहीं थोडींच चित्रें पूर्ण लिहितात, व बाकीच्यांचा केवळ फरक नोंदवितात. पूर्ण चित्रांतील एका बाइटाचा बिघाड त्यावर विसंबलेल्या सर्व चित्रांत पसरतो. पुढचें पूर्ण चित्र येईपर्यंत ते चौकोन हटत नाहींत.

पुढें घरोघरीं तबकड्या लिहिल्या जाऊं लागल्या, तेव्हां या उघड्या अंगावर नवे घाव बसले. लिहिण्याजोग्या सीडींत खळगे ठोकलेले नसतात; लेसरच्या उष्णतेनें रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. पहिल्या यंत्रांत हा किरण मध्यें थांबूं शकत नसे. सोळापट वेगानें लिहितांना सेकंदाला चोवीस लक्षांहून अधिक बाइट लागत. यंत्राचा साठा वीस लक्षांचा असला, तर संगणक सेकंदभर दुसऱ्या कामांत गुंतला कीं साठा रिता होई आणि तबकडी फुकट जाई. २००० सालीं सान्यो कंपनीनें किरण थांबवून पुन्हा त्याच जागीं लिहावयास लावण्याची सोय आणली, तेव्हां ही एक आपत्ति टळली.

इतर आपत्ति मात्र राहिल्या, आणि त्यांचें निदान क्रमानेंच करावें लागे. तबकडीवरील फाइल मूळ फाइलशीं बाइटागणिक ताडून पाहणें ही पहिली परीक्षा. ती जुळली आणि चित्र तरीही बिघडलें, तर दोष लिहिण्यांत नसून फाइलींत किंवा वाचणाऱ्या यंत्रांत असे. अनेक फाइली ठरलेल्या मापाच्या नसत, आणि संगणकावर चालणारें चित्र दूरदर्शनाजवळच्या प्लेअरला पचत नसे. न जुळल्यास दुसऱ्या यंत्रावर वाचून पाहावें, मग चांगल्या तबकडीवर कमी वेगानें पुन्हा लिहावें. घाईनें तबकड्यांची रास बदलणाऱ्यांचा पैसा बहुधा येथेंच वाया गेला. तीच फाइल व्हीसीडी न करतां साधी फाइल म्हणून लिहिली, तर तिला तें तिसरें कवच परत मिळे. मग मात्र ती कित्येक प्लेअरांवर लागत नसे.

त्या काळच्या लग्नाच्या तबकड्या आतां कपाटांतून बाहेर काढल्या जात आहेत. रंगद्रव्य उडालें असल्यास एका यंत्रानें नाकारलेला भाग कधीं कधीं दुसरें यंत्र वाचून देतें. दोन यंत्रांवरून घेतलेल्या नकला एकमेकींशीं जोडून, जेथें एकीचें चित्र तुटलें आहे तेथें दुसरीचा तुकडा बसवीत, कांहीं मंडळींनीं संबंध सोहळा परत मिळविला आहे.